लिंक गिऱ्हाइकाची, किल्ली आपली

मिरजेतील सतार कारागिरापासून भिवंडीच्या कापड व्यापाऱ्यापर्यंत आपल्यापैकी अनेकांनी आता वेबसाइट काढली आहे. गिऱ्हाइकाने पसंतीच्या नमुन्याची लिंक टाकावी व साइटने ते चित्र आणून दाखवावे, अशी सोय काही साइटवर असते. सोय चांगली, पण चित्र आणायला गिऱ्हाइकाचा मोबाइल जात नाही. आपला सर्व्हर, म्हणजे साइट जिथे ठेवली आहे तो संगणक जातो. चोराला वाट सापडते ती येथेच.

समजा, एका अनोळखी माणसाने आपल्या दुकानातील नोकराला चिठ्ठी दिली की, या पत्त्यावरून वही आणून दे. पत्ता निघाला आपल्याच गोदामाचा. रखवालदार परक्याला हाकलील, पण घरच्या नोकराला कशाला अडवील? नोकराने उधारीची वही परक्याच्या हाती दिली. संगणकाच्या भाषेत या दोषाला सर्व्हर साइड रिक्वेस्ट फोर्जरी म्हणतात.

अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेत २०१९ साली हेच घडले. बँकेची माहिती ॲमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या संगणकांवर होती. तेथील सर्व्हरला १६९.२५४.१६९.२५४ हा अंतर्गत पत्ता असतो. तो बाहेरून उघडत नाही; आतून विचारल्यास तात्पुरत्या किल्ल्या देतो. बँकेच्या फायरवॉलची मांडणी चुकली होती. म्हणजे रखवालदारच चिठ्ठी घेऊन आत गेला! वर त्याला गरजेपेक्षा जास्त अधिकार दिलेले होते. अमेरिकेतील सुमारे १० कोटी व कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती गेली. २०२० मध्ये सरकारी नियामकाने बँकेला ८ कोटी डॉलर दंड केला.

गिऱ्हाइकाचा पत्ता, फोन व उधारी ही आपल्याकडे अमानत आहे, म्हणून साइट करणाऱ्याला बसवून विचारावे. लिंकऐवजी चित्रच अपलोड करून घेता येईल का? बहुतेक दुकानांना तेवढे पुरते. लिंक हवीच असेल तर सर्व्हरने ठरावीक साइटवरच जावे आणि अंतर्गत पत्ते बंद असावेत. केवळ नाव पाहून भागत नाही. साधे दिसणारे नावही आतल्या पत्त्याकडे वळवता येते, म्हणून नाव शेवटी कोठे पोहोचते ते तपासावे लागते. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१९ मध्ये किल्ली देण्याची अधिक कडक पद्धत आणली. साइट तेथे असल्यास जुनी पद्धत बंद केली का, हेही विचारावे. 'छोट्या दुकानाला कोण विचारतो' असे उत्तर आले, तर काम दुसऱ्याकडे द्यावे.