माती काय अडवते, काय सोडते?

जमिनीत मुरलेले पाणी मातीतून गाळले जाऊन शुद्ध होते, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. माती कोणती आणि पाण्यात मिसळलेला पदार्थ कोणता, यावर सारे अवलंबून असते.

आपल्या बेळगाव परिसरात शहापूर-येळ्ळूरच्या भातशिवारात काळी चिकणमाती आहे, तर खानापूरकडे तांबडी माती आणि सच्छिद्र जांभा दगड. चिकणमातीचा कण ०.००२ मि.मी.पेक्षाही बारीक असतो. कण बारीक तशी त्यांमधली जागाही बारीक. म्हणून ओल्या काळ्या मातीतून पाणी सावकाश उतरते व बरेच जंतू वाटेतच अडकतात. जांभ्याच्या पोकळ्यांतून ते भराभर खाली जाते. मात्र काळ्या मातीवरही विसंबता येत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि वळिवाचे पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरते.

दुसरी गोष्ट विद्युतभाराची. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. त्यामुळे शिसे, कॅडमियम यांचे धनभारित कण तिला चिकटतात. नायट्रेटवर ऋण भार असल्याने ते पाण्याबरोबर निसटते.

हे प्रयोगशाळेत शिक्षकांसमवेत पाहू. प्लास्टिकच्या दोन बाटल्यांचे तळ कापून त्या उलट्या धरू. तोंडाशी कापूस लावून वाळू मिसळलेली काळी माती भरू. एकीत मिथिलीन ब्ल्यूचे, दुसरीत इओसिनचे पातळ द्रावण हळूहळू ओतू. धनभारित निळा रंग मातीत राहतो, ऋणभारित लाल रंग खाली उतरतो. नायट्रेट त्या लाल रंगासारखेच वागते.

हे नायट्रेट संडासाच्या शोषखड्ड्यातून, उकिरड्यातून आणि शेतात जादा टाकलेल्या युरियातून येते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते जास्त झाल्यास तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट तसेच राहते.

म्हणून पालकांना विनंती की शोषखड्डा व उकिरडा विहिरीपासून शक्य तितका दूर आणि उताराच्या बाजूला ठेवावा. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी दरवर्षी पावसाळ्यानंतर तपासून घ्यावे, आणि त्यात जंतूंबरोबर नायट्रेटचीही तपासणी आवर्जून सांगावी. पाणी नितळ दिसते, एवढ्यावर आपण समाधान मानू नये.