पट्टकृमींची जात ठरवताना

रत्नागिरीच्या मुशी आणि पाकटांच्या आतड्यांतल्या पट्टकृमींना नावं देण्याचं बरंच काम औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातल्या जी. बी. शिंदे, बी. व्ही. जाधव यांनी केलं. हाताशी सूक्ष्मदर्शक आणि यामागुतींचा पट्टकृमींवरचा १९५९ चा ग्रंथ. आता जोडीला डीएनए आहे. या कामात राहून पटलेल्या काही गोष्टी:

१. आधी मासा ओळखावा.
अकँथोबोथ्रियम वंशातले बहुतेक कृमी पाकटाच्या एकाच जातीत राहतात. जुन्या शोधनिबंधांत ‘ट्रायगॉन’ म्हणून नोंदलेली पाकटं आज वेगवेगळ्या वंशांत गेली आहेत. म्हणून पाठीचा आणि पोटाचा असे दोन फोटो काढावेत, मांसाचा लहानसा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवावा.

२. आतडं ताजं हवं.
रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळी कापणाऱ्या मावशींना आधीच सांगून ठेवावं, “मावशी, पाकटाची आतडी टाकू नका हां.” ट्रॉलरवर बर्फात दिवसच्या दिवस राहिलेल्या माशातला कृमी फुगून सैल पडतो. त्याच्या डोक्याची मापं घेण्यात अर्थ उरत नाही.

३. एका कृमीचे वाटे करावेत.
फॉर्मलिनमध्ये आकार टिकतो, पण डीएनए खराब होतो. अल्कोहोलमध्ये डीएनए टिकतो, पण अंग आकसतं. मधले थोडे खंड डीएनएसाठी काढावेत. त्याच कृमीचं डोकं आणि शेपटाकडचे पक्व खंड रंगवून स्लाइडवर घ्यावेत. मग जनुकं कोणाची, हा वाद उरत नाही.

४. दिसण्यावर सगळी भिस्त नको.
अकँथोबोथ्रियमच्या डोक्यावर दुटोकी आकड्यांच्या चार जोड्या असतात. दिसण्यावरून टेट्राफायलिडिया गणात तो वर्षानुवर्षं सुखाने नांदला. २०१४ मध्ये जनुकीय पुराव्यावरून त्याला ऑन्कोप्रोटिओसेफॅलिडिया या नव्या गणात नेलं. तिथे त्याचे सोबती कोण, तर गोड्या पाण्यातल्या माशांचे कृमी!

५. जनुकांत फरक दिसला की लगेच नवी जात मांडू नये.
हायडॅटिड गाठी करणाऱ्या एकिनोकॉकस या पट्टकृमीचा महाराष्ट्रातल्या गुराढोरांमधला अभ्यास २००९ मध्ये आला. त्यात जी-३ हा म्हशींचा म्हणून ओळखला जाणारा जनुकीय प्रकार सर्वाधिक सापडला, त्याखालोखाल जी-५. आज जी-३ हा जी-१ या आणखी एका प्रकारासोबत एकाच जातीत मोजतात. जी-५ मात्र एकिनोकॉकस ऑर्टलेपी ही स्वतंत्र जात ठरली. एक-दोन जनुकं, मोजके नमुने, एवढ्यावर असा निवाडा होत नाही. यजमान प्राणी, शरीररचना, इतर जनुकं, सगळ्यांनी एकच साक्ष द्यावी लागते.

६. नमुना कपाटात अडकवू नये.
२००० पासून प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे नव्या जातीचा मूळ नमुना कोणता आणि तो कुठे ठेवणार, हे नाव प्रसिद्ध करतानाच सांगावं लागतं. तो कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणासारख्या संस्थेत द्यावा, डीएनए क्रम जेनबँक या सार्वजनिक संग्रहात. आपण दिलेलं नाव पुढच्या माणसाला खोडता यावं, इतका पुरावा मागे ठेवला तरच ते नाव देण्याचा आपल्याला हक्क.