पार्टी सिंडीची होती

ये, बस अशी. त्या नव्या हिप-हॉप फायटिंग गेमचा ट्रेलर तू पुन्हा पुन्हा बघतेयस, हे मला दिसतंय. बघ, जरूर बघ. पण वर्गातली मुलं ‘हा मुलींचा खेळ नाही’ म्हणाली आणि तू गप्प बसलीस, ते मला राहून राहून खुपतंय. म्हणून आज मोकळेपणी बोलूया.

आधी तुला सिंडी कॅम्पबेलबद्दल सांगते. ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कमधलं ब्राँक्स, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरची १५२० नंबरची इमारत. शाळा सुरू होण्याआधी सिंडीला नवे कपडे घ्यायचे होते आणि त्यासाठी पैसे उभे करायचे होते. तिने इमारतीतल्या हॉलमध्ये पार्टी ठरवली. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास, असं तिकीटही लावलं. गाणी वाजवायला भावाला उभं केलं. तो भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क. गाण्यातला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा आला की नाचणारी पोरं पेटतात, हे त्याने हेरलं होतं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून तो तोच तुकडा लांबवत न्यायचा. हिप-हॉपचा वाढदिवस म्हणून जग हीच तारीख धरतं. हर्कचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण पार्टी सिंडीची होती. पुढच्या वेळी कोणी काही बोललं, तर हे बिनधास्त सांग.

त्या पार्टीच्याही आधीची एक गोष्ट आहे, आणि ती मला फार जवळची वाटते. १९७१च्या डिसेंबरात ब्राँक्समधल्या टोळ्यांचं भांडण मिटवायला ‘घेट्टो ब्रदर्स’ टोळीचा ब्लॅक बेंजी पुढे गेला आणि मारला गेला. सूड घ्यायला सगळे तयार होते. तरी त्याच्या साथीदारांनी सूड न घेता हो अ‍ॅव्हेन्यूवर सगळ्या टोळ्यांना बोलावून तह केला. त्यानंतर पोरांना एकमेकांच्या वस्तीत जाणं थोडं सोपं झालं. पुढे नाचाची, शब्दांची, रेकॉर्डची बॅटल फुलली. समोरच्याला हात न लावता हरवायचं, ही तिची शान. म्हणून हिप-हॉपच्या नावाने ठोसे मारायला लावणाऱ्या गेमकडून माझी एक अपेक्षा असते: त्याच्या मारामारीला ताल हवा. प्रसिद्ध रॅपरचे चेहरे आणि गळ्यात जाड साखळ्या, एवढ्यावर भागत नाही.

आता जुन्या गेमकडे बघ. २००३ला ‘डेफ जॅम व्हेंडेटा’ आला, पुढच्याच वर्षी ‘डेफ जॅम : फाइट फॉर एनवाय’. दोन्ही जपानच्या एकेआय कंपनीने बनवले. कुस्तीचे गेम बनवण्यात त्यांचा हात बसलेला होता. त्यामुळे पकड, उचल, आपट यांत खरं वजन जाणवतं. दुसऱ्या गेममध्ये लढण्याच्या पाच शैली होत्या आणि त्यांतल्या तीनपर्यंत शैली आपल्या खेळाडूत मिसळता यायच्या. भोवतीची गर्दीसुद्धा लढतीत उतरायची, तुला धरून ठेवायची. स्नूप डॉग, मेथड मॅन, बस्टा राइम्स, सगळे होते. लोक आजही तो गेम विसरलेले नाहीत, आणि मलाही तो मनापासून आवडतो. पण त्याच्या कथेतला नायक पुरुषच असायचा. लिल किमसारखी तडफदार रॅपर त्यात आहे, पण कथेत तिचं काम काय, तर नायकाची मैत्रीण होण्यासाठी दुसरीशी लढणं. सिंडीच्या घरातून निघालेल्या संगीताच्या गेममध्ये हे असं व्हावं, याचा मला खरंच राग येतो.

२००७च्या ‘डेफ जॅम : आयकॉन’ने वेगळं धाडस केलं. कंट्रोलरची काठी टर्नटेबलसारखी फिरवून तू गाण्याचा ठेका आदळवायचीस आणि आजूबाजूच्या गोष्टी शत्रूवर उसळायच्या. कल्पना सुंदर होती, पण कुस्तीची ती मजा त्यात उरली नाही. नव्या गेमने आधीच्या दोघांची कुस्ती आणि ‘आयकॉन’चा ताल, दोन्ही घ्यावं, असं मला फार वाटतं.

म्हणून माझं ऐक, आगाऊ पैसे भरू नकोस. ट्रेलर कापून-सजवून केलेला असतो. कोणीतरी अख्खी लढत खेळतंय, असा न कापलेला व्हिडिओ येऊ दे. त्यात आवाज बंद करून बघ, मग चालू करून बघ. काहीच फरक पडला नाही, तर गाणी नुसती मागे वाजताहेत असं समज. मुलगी होऊन कथा खेळता येते का, तेही बघ. आणि ऑनलाइन खेळताना लढत अडखळते का, हे विकत घेतलेल्यांनी काय लिहिलंय त्यावरून ताड.

तोवर सराव कर. ‘स्ट्रीट फायटर ६’ आपल्याकडे आहेच. किंबर्ली घे, ती स्प्रेचे डबे घेऊन लढणारी निंजा. लांबलचक कॉम्बो पाठ करत बसू नकोस, आधी ब्लॉक शीक. समोरच्याची चाल फुकट गेली की लगेच एकच ठोसा लगावायचा, एवढंच रोज घोटव. हरलीस तर रिप्ले बघ आणि कुठे घाई झाली ते शोध. ऑनलाइन कोणी घाण बोललं, तर उत्तर देऊ नकोस, म्यूट कर, ब्लॉक कर आणि मला सांग. मला सांगायला कधीच लाजू नकोस.

आणि वर्गातल्या त्या मुलांना घरी बोलाव. शनिवारी संध्याकाळी मी मोकळी आहे, दुसरा कंट्रोलर चार्ज करून ठेवते. पहिली लढत तू खेळायचीस.