एकट्याचा पराक्रम

पलासियाहून राजवाड्याकडे जाताना मल्हारराव होळकरांचे स्मरण होतेच. मेंढरे राखणारा पोरका मुलगा, निजलेल्या त्याच्या मुखावर फणा धरणारा नाग, आणि पुढे केवळ तलवारीच्या बळावर मिळविलेला माळवा, ही कथा आम्हीही वर्गात रंगवून सांगतो. परंतु त्या मुलाचा सांभाळ तळोद्यास मामा भोजराज बारगळ यांनी केला, घोड्यावर बसविले तेही त्यांनीच; पुढे पेशव्यांनी सरंजाम दिला. कथेत नाग राहिला, मामा गळाले!

अमेरिकेत तर अशाच एका कथेवर राजकारण उभे राहिले. पश्चिमेच्या ओसाड सरहद्दीवर एकटा मनुष्य घोडा व बंदूक घेऊन गेला, सरकारचे त्याच्यावर काडीचे ऋण नाही, अशी तेथील लाडकी समजूत. वस्तुतः १८६२ च्या कायद्याने सरकारनेच वसाहतकऱ्यांना १६० एकरांपर्यंत जमीन जवळजवळ फुकट दिली. त्याच वर्षी लोहमार्गासही जमीन व कर्ज दिले. ती भूमी ओसाडही नव्हती. मूळ रहिवाशांना लष्कराने हुसकले होते.

तरी १९२८ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे हूव्हर त्या एकाकी बाण्याचा गौरव करीत अध्यक्षपदी निवडून आले, आणि मंदीत बेकारांना केंद्राने थेट मदत देण्यास त्याच बाण्यापायी विरोध करीत राहिले. १९८१ मध्ये त्याच पक्षाच्या रेगन यांनी अध्यक्षपद स्वीकारताना सरकार हीच अडचण असल्याचे सांगितले. गुराख्याच्या टोपीतील त्यांची छबी घरोघर पोचली होती. तो खरा गुराखी मात्र बहुधा मालकाचा पगारी गडी असे.