शटलपेक्षा हलकं

रिमोटचं विमान इतक्यात मागवू नकोस हं, आधी माझं ऐक. तुला स्वतःच्या हातांनी बांधायचंय ना? मग रबराच्या पिळावर उडणारं, छताखाली उडवायचं विमान कर. १८७१ साली पॅरिसच्या त्विलरी बागेत आल्फोन्स पेनोनं असंच विमान सुमारे चाळीस मीटर उडवून दाखवलं होतं. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, म्हणजे तुझ्याच वयाचा.

आणि तू हैदराबादला आहेस हे किती बरं! बॅडमिंटनचं शहर ते. शटलला वारा लागू नये म्हणून हॉल बंदिस्त, छत उंच. आपल्याला नेमकं तेच हवं. शटलचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. तुझं विमान त्याहून हलकं झालं पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर. ‘पेनी प्लेन’ या प्रकारात रबर सोडून किमान वजन ३.१ ग्रॅम असतं. जागतिक स्पर्धांच्या एफ-वन-डी वर्गात तर १.४ ग्रॅम, आणि ती विमानं वीस मिनिटांहून जास्त वेळ हवेत राहतात!

म्हणून सगळ्यात आधी काटा. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. बाल्सा लाकडाची प्रत्येक पट्टी तोलून बघ, जड निघाली तर बाजूला ठेव. फेविकॉल पाण्यानं पातळ कर आणि टाचणीच्या टोकानं लाव. डिंकाचे थेंब फार वजन वाढवतात गं, आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. पंखाला वरच्याच बाजूनं आवरण घाल. पहिल्या विमानाला धूलपेटच्या पतंगाचा कागद चालेल, पुढच्याला भाजीच्या पातळ पिशवीचं प्लास्टिक. प्रोपेलरची पाती दह्याच्या प्लास्टिक कपातून तिरकी काप, वळण आयतं मिळतं. प्रोपेलर मोठा आणि सावकाश फिरणारा हवा.

रबर मात्र मॉडेलवाल्यांचंच घे, ऑफिसातले रबरबँड नकोत. त्याला सिलिकॉन तेल लाव आणि अंधाऱ्या, थंड जागी ठेव. तिकडच्या मे महिन्यात उघड्यावर राहिलं तर तुटायला लागेल. पीळ देताना आधी ते पाच-सहा पट ताणायचं, निम्मा पीळ भरला की हळूहळू जवळ येत उरलेला भरायचा.

पहिल्यांदा थोडाच पीळ देऊन सोड. नाक वर करून थबकलं तर पंख जरा मागे सरकव, खाली सूर मारला तर पुढे. शेपूट किंचित डावीकडे वळव, म्हणजे ते डावीकडे गोल घिरट्या घालेल आणि भिंतीवर आपटणार नाही. या एका कामात घाई करू नकोस. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशामुळे काय झालं ते समजत नाही.

हॉलवाल्यांकडे खेळ नसतानाची अर्धी दुपार माग, एसी आणि पंखे बंद ठेवायला सांग. सोबत हेलियमचा फुगा आणि लांब दोरा ने. तुळईत अडकलेलं विमान त्यानंच सोडवतात. आणि काटा विकत घेऊ नकोस, माझा पाठवते.