पाटी बदलली तरी

परवा लखनऊत, महानगरच्या गोल मार्केटात तू विचारलंस, ‘मामा, स्टोअरचं नाव बदललं तर माझ्या अ‍ॅपचं काय?’ त्या गोंगाटात धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

आपल्या कैसरबागेतलं मॅरिस कॉलेज 1926 सालचं. नंतर त्याला भातखंड्यांचं नाव मिळालं, पुढे विद्यापीठ झालं. पण गाणं शिकणारा गुरूचं नाव विचारत येतो. तुझं गिऱ्हाईकही तुझ्या अ‍ॅपचं नाव विचारत आलं पाहिजे.

6 मार्च 2012 ला अँड्रॉइड मार्केटचं गूगल प्ले झालं. अ‍ॅप, गाणी, पुस्तकं, सिनेमे एका छपराखाली आले. जुने दुवे चालत राहिले, पण पत्रकांवर छापलेला ‘मार्केट’चा बिल्ला शिळा झाला. मोठ्या कंपनीत असली कामं करायला माणसं असतात. एकट्याच्या रात्री त्यात जातात. म्हणून कागदावर स्टोअरचं नाव छापूच नकोस. स्वतःच्या डोमेनचा पत्ता दे, क्यूआर कोडही त्याचाच काढ. उद्या काहीही बदललं तरी तुला एकच दुवा बदलावा लागेल.

नवी पाटी लागली की आधी अटी वाच, रंग मागाहून बघ. कमिशन किती, पैसे कधी मिळणार, जुन्या अ‍ॅपना मुदत किती, एवढं वहीत उतरवून घे. नोकियाने 2011 मध्ये ओव्ही हे नाव सोडलं आणि 2014 उजाडताच सिंबियनची नवी अ‍ॅप घेणंच थांबवलं. नाव बदलतं तेव्हा कधी आवराआवर सुरू झालेली असते, कधी नवा डाव. मुंबईच्या इंडस ओएसचं अ‍ॅप बाझार फोनपेकडे गेलं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये इंडस अ‍ॅपस्टोअर म्हणून बारा भारतीय भाषांत आलं, मराठीतही. पहिलं वर्ष नोंदणी फुकट होती. असं दार उघडलं की पहिल्या आठवड्यातच आत जा, आणि वर्णन मराठीत स्वतः लिही, यंत्राकडून नको.

दुसऱ्या स्टोअरवर जायचं तर साइनिंग की, म्हणजे अ‍ॅपवर तुझी डिजिटल सही करणारी किल्ली, तुझ्याच हातात हवी. माझी हार्डडिस्कबरोबर गेली, दुसरी प्रत मी ठेवलीच नव्हती. नव्या पॅकेज नावाने अ‍ॅप पुन्हा टाकावं लागलं. लोकांनी मनापासून लिहिलेले अभिप्राय जुन्या पानावरच राहिले. ते पान मी कितीतरी दिवस उघडून बघायचो. तू कीच्या दोन प्रती कर. एक पेनड्राइव्ह आईच्या कपाटात, दागिन्यांच्या डबीशेजारी ठेव. पासवर्डची चिठ्ठी मात्र त्याच कपाटात नको.