कळण्याची भाकरी आणि आहारातील प्रथिने

शिरपूर तालुक्यात तापीकाठच्या काळ्या जमिनीत कपाशी चांगली येते व तिच्या विक्रीतून घरात पैसाही येतो. परंतु ज्या घरात पैसा आला त्या घरातील माणसांचे पोषण नीट होतेच, असे म्हणता येत नाही. २०१९-२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळून आले. पोट भरणे व शरीराचे पोषण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम स्वतः समजून घ्यावे.

अन्नातील पिष्टमय व स्निग्ध पदार्थांपासून शरीरास काम करण्याची शक्ती मिळते. प्रथिनांमुळे शरीराची वाढ होते व रोजची झीज भरून निघते. खनिजे व जीवनसत्त्वे अगदी थोडी लागतात, परंतु ती न मिळाल्यास शरीराचे व्यवहार बिघडतात. आपल्याकडे भाकरी भरपूर खाल्ली जाते, तेव्हा पिष्टमय पदार्थांची चिंता फारशी नाही. उणीव पडते ती इतर घटकांची. त्यांपैकी प्रथिनांचा विचार येथे विस्ताराने करावयाचा आहे.

प्रथिने अनेक अ‍ॅमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी काही शरीरास स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. त्यांतील एक जरी कमी पडले, तरी बाकीच्यांचा पुरता उपयोग होत नाही. जोडीतील एक बैल अशक्त असला म्हणजे गाडी त्याच्याच चालीने चालते, तसाच हा प्रकार होय. ज्वारीत लायसिन हे आम्ल कमी असते. उडदात ते भरपूर असते. मात्र उडदात मेथिओनिन कमी पडते व ते ज्वारीतून मिळते. दोन्ही एकत्र खाल्ल्यास एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

खानदेशातील कळण्याची भाकरी म्हणजे नेमके हेच मिश्रण आहे. चार भाग ज्वारी व एक भाग अख्खे उडीद एकत्र दळून हे पीठ करतात. प्रस्तुत लेखकाने कृषी महाविद्यालयात अ‍ॅमिनो आम्लांची कोष्टके पाठ केली होती, परंतु त्यांचा अर्थ उमगला तो याच तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या घरी. नुसत्या ज्वारीची भाकरी खाऊन निंदणीस गेले तर दुपारीच भूक लागते, कळण्याची मात्र टिकते, असे त्या घरातील वृद्ध आजींनी सांगितले. हिशेबही तसाच निघतो. ४०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ४० ग्रॅम प्रथिने असतात. त्याऐवजी ३२० ग्रॅम ज्वारी व ८० ग्रॅम उडीद घेतल्यास ती ५० ग्रॅमच्या जवळपास जातात, आणि त्यांची प्रतही सुधारते. ६० किलो वजनाच्या प्रौढ माणसास रोज साधारण तेवढ्याच चांगल्या प्रथिनांची गरज असते.

केवळ ज्वारीवर निर्वाह केल्यास काय होऊ शकते, हे दक्षिणेत दिसून आले आहे. १९६० मध्ये डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी हैदराबाद भागातील ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा या त्वचा काळवंडविणाऱ्या रोगाचा अभ्यास केला. त्यांनी मांडलेल्या कारणाविषयी पुढे मतभेद झाले. नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने हा रोग होतो, याविषयी मात्र वाद नाही. भुईमुगाच्या दाण्यात नायसिन चांगले असते; शेंगदाण्याची चटणी ताटात असावी ती याकरिताही.

रक्तक्षयाचा विचार करताना बाजरी, हिरव्या पालेभाज्या व शेवग्याचा पाला यांची आठवण ठेवावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट संस्थेच्या सहकार्याने अधिक लोह असलेला ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण दिला आहे. वनस्पतिजन्य लोह शरीरात सहज शोषले जात नाही. भाकरीबरोबर लिंबू घेतल्यास ते अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास त्यात अडथळा येतो. चहा सोडा असे सांगितल्यास कोणी ऐकणार नाही, तो जेवणानंतर तासाभराने घ्या एवढे सांगावे. अर्थात फार अशक्त स्त्रीस आहाराच्या सल्ल्यावर न ठेवता आरोग्य केंद्रात न्यावे. घरातील स्त्रिया शेवटी जेवतात व भाजी तोवर संपलेली असते, ही गोष्ट पुरुषांच्या सभेत स्पष्ट बोलावयास हवी.

पाच माणसांच्या कुटुंबास, लहानमोठे धरून दरमाणशी रोज ६० ग्रॅमप्रमाणे, वर्षाला सुमारे ११० किलो उडीद लागतील. सलग कपाशी लावली की हे उडीद विकत घ्यावे लागतात, आणि हात आखडला की प्रथम तेच कमी होतात. यास्तव कपाशीच्या दोन ओळींत उडदाची एक ओळ घ्यावी. कपाशीचा विस्तार वाढण्याच्या सुमारास, म्हणजे ७० ते ७५ दिवसांत, हे पीक निघून जाते. काढणीनंतर घरचे उडीद आधी मोजून, उन्हात चांगले वाळवून कोठीत भरावे, व उरतील तेवढेच बाजारात न्यावे.